पहिला मान

भिमाजींनी खिशातून किल्ली काढली आणि पाहुण्यांना म्हणाले, "चपला इथंच काढा."

आत बाथरूम होतं. पण भिमाजींचा आवाज असा की कुणाचीही हसायची छाती झाली नाही. भिमाजींच्या मुलाचं, मनोजचं, स्थळ बघायला मनमाडहून आलेल्या चौघांनी जिन्याच्या वरच्या पायरीजवळ मुकाट चपला काढल्या. रेल्वेतले यादवराव, त्यांची बायको, बहीण आणि मुलगी रोशनी. मुलीनं स्वतः मुलाचं घर बघायला यायची रीत नव्हती. पण रोशनी शाळेत शिकवत होती आणि आपण येणार म्हणजे येणार, असं तिनं आधीच कळवलं होतं. भिमाजींच्या पत्नी वत्सलाबाई सगळ्यांच्या मागून कठडा धरत एकेक पायरी चढत होत्या.

या बाथरूमच्या मागे एक अपमान होता. आधीच्या एका स्थळानं, 'संडास अंगणात आहे, आमच्या मुलीला जमायचं नाही,' असा निरोप धाडला होता. भिमाजींना तो फार झोंबला. नोटांच्या प्रेसमध्ये सुट्टीच्या दिवशीही ओव्हरटाइम करून त्यांनी नाशिक रोडच्या त्या बैठ्या घरावर मजला चढवला. छतापर्यंत फुलाफुलांच्या टाइल्स लावल्या. गुलाबी कमोड, गुलाबी बेसिन, हातात धरायचा शॉवर, गरम-गार पाणी एकाच नळातून देणारा मिक्सर. शोरूममध्ये जे जे नवीन म्हणून दाखवलं, ते ते आणलं. आणि काम संपल्या दिवशी दाराला कुलूप घातलं. सून येईल, ती पहिल्यांदा वापरेल. तोवर बाकीच्यांनी अंगणातलं.

वत्सलाबाईंचे गुडघे वर्षभरापासून कामातून गेले होते. डॉक्टरांनी उकिडवं बसायला साफ मनाई केली होती. पण डॉक्टरांनी सांगून काय होतं, किल्ली भिमाजींच्या खिशात. गेल्याच आठवड्यात त्यांना अंगणातल्या संडासातून उठताच येईना. शेवटी शेजारच्या लताबाईंना हाका माराव्या लागल्या. लताबाईंनी पत्र्याचं दार उचकटून, काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्या दिवशी वत्सलाबाई जेवल्या नाहीत. भिमाजी म्हणाले, "एवढं लग्न होऊन जाऊ दे, मग बघू."

आता भिमाजी एकेक नळ सोडून दाखवत होते. शेवटी त्यांनी ठरलेली गोष्ट सांगितली. गावात त्यांच्या वडलांना नळाला हात लावायची बंदी होती. कुणी वरून ओतलं तर ओंजळीत पाणी, नाहीतर तसंच परत. "आणि आज त्याच माणसाच्या पोराच्या घरात बघा, एका खोलीत किती नळ हायेत." गोष्ट खरी होती. कितीही वेळा ऐकली तरी वत्सलाबाईंच्या काळजाला ती लागायचीच.

यादवरावांनी मान डोलावली. रोशनी मात्र कमोडकडे बघत होती. त्याच्या झाकणावरचा प्लास्टिकचा कागद अजून तसाच होता. तिनं मागे वळून विचारलं, "काकू, तुम्ही कुठलं वापरता?"

वत्सलाबाई बोलणार, एवढ्यात भिमाजीच म्हणाले, "तिला खालच्याची सवय हाय. इथं अजून कुणाचं पाऊल पडलं नाय. पहिला मान सुनेचा."

सवय. वत्सलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षांच्या संसारात त्यांना इतका राग कधी आला नव्हता.

"सगळे जरा बाहेर व्हा," त्या म्हणाल्या.

"आता काय काढलंस?" भिमाजींनी विचारलं.

"वडलांना नळाला कोण हात लावू देत नव्हतं, ते सांगितलंत. आता मला कोण लावू देत नाय, तेबी पाहुण्यांना सांगा."

भिमाजींचा चेहरा पडला. पाहुणे गडबडीनं बाहेर आले, त्यांच्यामागून भिमाजीही. वत्सलाबाई आत गेल्या आणि त्यांनी कडी लावली. मनोजचं हे तिसरं स्थळ. तेही आता हातचं जाणार, हे त्यांना कळत होतं. कळत असूनच लावली.

कागद त्यांनी टराटरा फाडला. बाहेर सगळ्यांना आवाज ऐकू गेला असणार. जाऊ दे ऐकू. त्या बसल्या. गुडघ्यातून कळ आली नाही. इतक्या सोप्या गोष्टीसाठी आपण वर्षभर रडलो, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

दारावर थाप पडली. "मनोजची आई, पाहुणे ताटकळलेत. बाहेर ये."

"वेळ लागंल मला."

बाहेर कुजबुज सुरू झाली. रोशनीच्या आत्याबाईंचा आवाज आला, "चल दादा, गाडीची वेळ होईल." मग चपलांची सरकासरकी. मग जिन्यावरून उतरणारी पावलं. गेलं स्थळ. पोराला काय तोंड दाखवायचं? भाऊबंदांत वर्षभर हाच विषय चघळला जाईल. तरीही त्या उठल्या नाहीत. पोराची समजूत घालता येईल, पण आज उठलो तर पुन्हा कधी बसायला मिळायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पावलांचा आवाज थांबला. खाली अंगणात काहीतरी बोलणं झालं. मग कुणीतरी एकटंच परत वर आलं आणि दाराशी थांबलं.

"आई, तुमचं सावकाश होऊ द्या," रोशनीचा आवाज आला. "मी सगळ्यांना खाली बसवलंय. चहा टाकते. साखर कुठं ठेवता?"