पायजम्याचा सदरा

परीक्षकांनी सदरा खिडकीच्या उजेडाकडं धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पाठीवर सुईच्या बारीक भोकांची एक रांग दिसत होती. जेमतेम बोटभर. पण तिथं शिवण नव्हती, आणि शिवण नसताना भोकं येतात कुठून?

"हे कापड जुनं आहे," ते म्हणाले.

"हाव," रुद्राणी म्हणाली. "पायजम्याचं हाय."

वर्गातल्या बाया माना वर करून बघायला लागल्या. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, आणि नव्या जिल्ह्यात बायकांची शिवणकामाची परीक्षा पहिल्यांदाच निघाली होती. सहा वर्षांच्या पोराचा सदरा शिवायचा, आणि पहिल्या पाच जणींना शिलाई मशीन. औशाहून रुद्राणी पहाटेच्या एसटीनं आली ती त्या मशीनसाठीच. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. रान पडीक, आणि ती तलावाच्या कामावर खडी फोडत होती. अजून एक साल हातोडा चालवला तर ही बोटं सुई धरायच्या लायकीची राहणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मशीन मिळालं तर हातोडा सुटणार होता.

परीक्षक व्यंकटराव नांदेडचे. शिवणकाम शिकवण्यात केस पांढरे झालेले, अंगात काळा कोट, बोलणं एकदम कडक. बटणं कुठली, बक्रम कुठलं, त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. रुद्राणीनं काही म्हणजे काही लपवलं नाही. औशाच्या आठवडी बाजारात साखराबाई बोहारीण जुन्या कपड्यांचा ढीग घालून बसते, सगळं तिथलं. शिंपल्याची पाच बटणं एका फाटक्या झब्ब्याची. पाचवं सापडेपर्यंत तिनं साखराबाईच्या शिव्या खात अख्खा ढीग दोनदा उपसला होता. कॉलर ताठ राहायला आत घातलेलं बक्रम कसर लागलेल्या कोटाच्या छातीतून काढलेलं. आणि पायजमा? तो तर तिनं उन्हात धरून, ताणून, दोन बोटांत चोळून घेतला होता. बूड गेलेलं, गुडघे गेलेले, पण मांडीचं नि पोटरीचं पॉपलीन कसं घट्ट! दुकानातल्या खळ मारलेल्या कापडाचं एका धुण्यात गाळणं होतं. दोरा तेवढा तिनं नवा घेतला होता, कारण जुन्या दोऱ्याचा भरवसा नाही.

शिवण चांगली आहे, हे व्यंकटरावांनाही कबूल करावं लागलं. कॉलरची दोन्ही टोकं त्यांनी एकावर एक ठेवून बघितली, सुताचासुद्धा फरक नव्हता. पण सरकारी परीक्षेत कुणाच्या तरी अंगावरून उतरलेल्या कपड्याचा सदरा? मग बाकीच्या बाया काय वेड्या आहेत, असल्या दुष्काळात पोटाला चिमटा काढून नवं कापड आणायला? असं बरंच काही बोलून त्यांनी नापास लिहायला लाल पेन काढलं.

शेजारी बसलेल्या सिंधूनं रुद्राणीचा पदर ओढला. गप पाया पड, पुढच्या साली ये, ती कुजबुजली. पाया पडायचं! रुद्राणीच्या अंगाचा नुसता भडका उडाला. चोरी केली होती का तिनं?

"परीक्षेच्या कागदावर कापड सोताचं आणा म्हणून लिहिलंय," ती म्हणाली. "नवं आणा म्हणून न्हाई. आन हे माझंच हाय."

"नियम मला शिकवू नका, बाई."

व्यंकटराव यादीत तिचं नाव शोधायला टेबलावर वाकले, आणि त्यांचा कोट बरोबर तिच्या डोळ्यांपुढं आला. छातीचा खिसा उजवीकडं होता.

आता कोटाचा हा खिसा असतो डावीकडं. तो उजवीकडं जायला एकच कारण. वरून विटलेला कोट कुणीतरी सगळा उसवतो, कापडाची आतली कोरी बाजू वर घेतो आणि पुन्हा शिवतो. मग डावं ते उजवं होतं. रुद्राणीनं अजून निरखून बघितलं. उजव्या कडेला जुनी काजं रफू करून बुजवलेली होती, इतक्या सफाईनं की दुसऱ्या कुणाला सात जन्मांत दिसली नसती. असा हात तिनं आजवर बघितला नव्हता.

"साहेब, कोट लई झकास उलटलाय," ती म्हणाली. साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली. "कुणाचं काम?"

पेन थांबलं. व्यंकटरावांचा हात आपोआप खिशावर गेला. कुण्या शिंप्याचं नाव सांगून त्यांना मोकळं होता आलं असतं. पण ती काजं बुजवायला त्यांनी किती रात्री घातल्या होत्या, ते त्यांचं त्यांना माहीत. तेवढं काम दुसऱ्याच्या नावावर घालणं काही त्यांच्याच्यानं झालं नाही.

"माझंच," ते शेवटी म्हणाले.

रुद्राणीनं सदरा उचलला आणि त्यांच्या पुढ्यातल्या यादीवर ठेवला, बरोबर आपल्या नावावर.

"मग आधी ते सांगा, साहेब. तुम्ही पास का नापास?"