राखलेली टोकं

आणीबाणीच्या साली माग बंद पडला, तेव्हापासून धोंडबा भिंतीला टेकून नुसता बसायचा. विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच. “मनानं खचलेत, हातांना काम द्या,” रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि बायकोच्या, कौसल्याच्या, जिवाला चैन पडेना. कोष्टी जुना ताणा, म्हणजे उभे धागे, मागावरून पुरता कापत नाहीत. पुढचं सूत सांधायला टोकं राखून ठेवतात. त्या टोकांना तिनं आठ दिवस एकेक धागा पिळून सांधला. मध्येच उठायची, त्याच्याकडे बघायची, पुन्हा बसायची. आज त्याला मागावर बसवलं आणि हातात ताण्यातून फेकायचा, दोन्हीकडे निमुळता, सूत भरलेला लाकडी धोटा दिला. “फेका ना जी, काहून थांबले?” त्यानं धोटा उलटापालटा केला, टोकावरून बोट फिरवलं आणि कितीतरी महिन्यांनी हसला. तिचा जीव भांड्यात पडला. “बेस डोंगा आहे, पाण्यात सोडाले,” तो अदबीनं म्हणाला. “तुमच्या लेकराचा आहे का, बाई?”