चौथी फायनल

"आई, यंदा देव पाण्यात ठेव. आम्ही जिंकेपर्यंत बाहेर काढू नकोस," हृषीने अमेरिकेहून बजावलं. त्याच्या लाडक्या अमेरिकन फुटबॉल संघाने तीनदा फायनल गाठून तिन्ही वेळा माती खाल्ली होती.

हरलं की ऑफिसातले टोमणे चुकवायला तो सुट्टी टाकून मिरजेला यायचा. एरवी त्याला सवड नसे.

शरयूताईंनी बाळकृष्ण पाण्यात ठेवला आणि जे मागायचं ते मनातल्या मनात मागितलं.

संघ चौथ्यांदा हरला. आठवड्याभरात हृषी मिरजेत थालीपिठापुढे तोंड पाडून बसला होता. समोर देव्हाऱ्यात बाळकृष्ण कोरडा ठणठणीत, पुढ्यात लोण्याचा गोळा.

"आई, आम्ही हरलो ना? मग देव बाहेर कसा?"

"त्याचं काम झालं म्हणून," म्हणत शरयूताईंनी आणखी एक थालीपीठ वाढलं.