झग्याखालची तलवार

निवडणूक तोंडावर आली म्हणून नुमेरियसने गावाला खेळ ठेवले होते. उमेदवारीच्या पांढऱ्या झग्याखाली लाकडी तलवार लपवली होती. ती ज्या ग्लॅडिएटरला मिळते तो गुलामीतून सुटतो. आज ती त्याच्या दूधभावाला, ड्रोमोला, द्यायची होती. दोघांना दूध पाजणाऱ्या माउलीने तिच्या मुठीला लोकर गुंडाळली होती. पण ड्रोमो झुंजीत हरला आणि वाळूत पडून त्याने दयेसाठी बोट वर केलं. “मारा त्याला,” गाव ओरडलं. “मतं हवीत ना, साहेब?” मागून टोमणा आला. नुमेरियसने मान फिरवून मारण्याची खूण केली. बाहेर पडताना तलवार झग्यातून निसटली. फुटाणेवाल्या म्हाताऱ्याने उचलून दिली. “ही आणलेली? मग दाखवली का नाहीत?” “लोक मारा म्हणत होते, बाबा.” “आम्ही ओरडायलाच येतो, मालक. ही वर धरली असतीत, तर सोडा म्हणून तेवढ्याच जोराने ओरडलो असतो.”