यादीतला आगंतुक

"दिसतंय का?" मेहुण्याने टेबलाखालून विचारलं.

"आत्ता नाही," दाजी म्हणाले. "सकाळी होतं. आवाजाच्या यादीत आपल्या स्पीकरच्या खाली, 'एल-आर नव्वद'. माइकच्या यादीतही तेच नाव."

"दिसतच नाही तर काढू काय?"

एल-आर नव्वद नावाची कुठलीच वस्तू घरात आणलेली नव्हती. पण हे नाव यादीत उगवलं की संगणकाचा आवाज गुडूप होई आणि नाव गेलं की मुकाट परत येई. एरवी दाजींनी काणाडोळा केला असता. पण आज दुपारी याच संगणकावरून त्यांची मुलाखत होती. कंपनी बंद पडल्यापासून ते घरीच होते, आणि बाकी सगळीकडून नकार आले होते. ही शेवटची आशा. आता नोकरी कसली, तर लोकांचे संगणक बिघडले की त्यांना धीर देत फोनवरून दुरुस्ती सांगायची.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," मेहुणा म्हणाला. पुढचं त्याने ताईकडे, म्हणजे दाजींच्या बायकोकडे, बघून गिळलं.

मेहुण्याला संगणकातलं सगळं कळतं अशी घरात समजूत होती. ती त्यानेच पसरवली होती. त्याने साऱ्या वायरी काढून परत लावल्या, संगणक बंद करून चालू केला, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडावर संशय घेतला आणि दोन कप चहा घेतला. या सगळ्या वेळात तो अखंड बोलत होता.

दाजींचे वडील, अप्पा, शेजारी आरामखुर्चीत शांत बसले होते. वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर आयुष्यभर लोकांचं ऐकून आपले कान गेले, असं ते सांगत. गेल्याच आठवड्यात त्यांना कानाची नवी यंत्रं आली होती. पण मेहुणा जिन्यात दिसला की अप्पा ती काढून डबीत ठेवत. हे मेहुणा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

"झालं काम," मेहुणा हात झटकत म्हणाला. "आता त्याची काय बिशाद."

तो गेला. अप्पांनी डबी खिशात टाकली आणि झाडांना पाणी घालायला ते गॅलरीत गेले; यंत्रं भिजू नयेत म्हणून ती पाणी घालून झाल्यावरच कानात घालायची होती.

मुलाखत वेळेवर सुरू झाली. पडद्यावरच्या बाई हसतमुख होत्या. त्यांनी नाव विचारलं, अनुभव विचारला. दाजींनी छान सांगितलं. मग बाईंनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि आवाज गेला. पडद्याच्या कोपऱ्यात एल-आर नव्वद उगवलं होतं.

दाजींना घाम फुटला. "माझ्या संगणकाचा आवाज गेला" असं सांगायचं, तर ही नोकरी कुठल्या तोंडाने मागायची? त्यापेक्षा त्यांनी मान डोलावली. बाईंचे ओठ हलले की दाजी गंभीर होत, बाई हसल्या की दाजी हसत. अधूनमधून ते "हो, नक्कीच" असंही म्हणत. नवल म्हणजे बाईंचा चेहरा खुलत गेला. त्या भराभर काहीतरी लिहून घेऊ लागल्या. मग त्यांनी शेजारच्या साहेबांनाही बोलावून घेतलं. साहेब तर पोट धरून हसले.

'आपल्या नुसत्या चेहऱ्यात एवढी जादू आहे?' दाजींच्या मनात आलं.

पण पडदा काळा झाल्यावर त्यांना रडूच कोसळलं. "संपलं गं सगळं," ते ताईला म्हणाले. तिने लगेच भावाला फोन लावला.

मेहुणा आला, अप्पांनी यंत्रं काढून डबीत ठेवली, आणि यादीतलं नाव गायब झालं.

"मला घाबरतंय ते," मेहुणा म्हणाला. तासभर खटपट करून तो उठला. तो चपला घालायला लागलाय असं बघून अप्पांनी यंत्रं कानात चढवली. मेहुण्याने मात्र जाता जाता एक शेवटची चाचणी म्हणून गाणं लावलं. आवाज नाही. त्याने तो वाढवला. काहीच नाही. पूर्ण वाढवला.

अप्पा खुर्चीतून ताडकन उठले. "अरे, कोण लावतंय हे गाणं? कान फुटतील माझे."

सगळ्यांच्या नजरा अप्पांच्या कानांकडे वळल्या.

"यंत्रं बसवायला आली होती ना ती मुलगी," ताई सावकाश म्हणाली, "तिने आवाज जुळवताना ती याच संगणकाला जोडली होती."

"तरीच," अप्पा म्हणाले. "आज कानात एक बाई बोलत होत्या. आवाज मोठा गोड. पण या वयात कानात बाई बोलते म्हटलं असतं, तर तुम्ही मला कुठे नेऊन ठेवलं असतंत कोण जाणे."

ताई हसून हसून खाली बसली. मेहुण्याने एल-आर नव्वदला कायमचं पुसून टाकलं आणि श्रेय घेतलं. दाजी तेवढे हसले नाहीत. बिनतारी यंत्राने त्यांच्या तोंडचा घास पळवला होता.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाखतीच्या बाई. दाजींनी स्पीकर चालू केला.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "इतकी समजूतदार उत्तरं आम्ही कधी ऐकली नव्हती. चिडलेल्या माणसाला आधी पोटभर बोलू द्यावं, त्याचा राग दमला की मग दुरुस्ती सांगावी. साहेब तर म्हणाले, ही जागा दुसऱ्या कोणाला द्यायचीच नाही. सोमवारपासून जमेल ना?"

ताईने पदर डोळ्यांना लावला. दाजींना ही उत्तरं आपली आठवत नव्हती, पण चालून आलेल्या लक्ष्मीला कोण उलट प्रश्न विचारतो?

"जमेल ना," ते म्हणाले. "सोमवारी सकाळीच हजर होतो."

"तुम्ही नाही हो," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसती मान डोलावत होतात. बाजूने जे काका उत्तरं देत होते, त्यांना पाठवा."