कोपऱ्यातली मावशी

योगराजने पुढाऱ्याचं पोट आणखी थोडं फुगवलं, हातात कात्री दिली, तिसऱ्यांदा उद्घाटन होत असलेल्या भेस्तानच्या त्याच त्या पुलावर फीत बांधली आणि कागद खाटेवर पडलेल्या बायकोसमोर, प्रमिलाबाईंसमोर धरला. चित्र झालं होतं. अडलं होतं ते मावशीच्या वाक्यापाशी.

त्याच्या व्यंगचित्राच्या कोपऱ्यात पदर खोचून उभी असणारी ही मावशी सुरतेतल्या मराठी वाचकांची लाडकी. भल्याभल्यांना ती एका वाक्यात गार करायची. ती वाक्यं असायची प्रमिलाबाईंची, भाकरी थापता थापता फेकलेली. नाव मात्र नवऱ्याचं व्हायचं, आणि तेही तो खुशाल मिरवायचा. दिवाळीनंतर बायकोला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि पेपरातली चौकट बंद पडली. आज चित्र गेलं नाही तर ती जागा जाहिरातीला जाणार, असं संपादक अमोलने साफ सांगितलं होतं.

"'फीत धुईसन वापरतस का, भाऊ?' कसं वाटस?"

प्रमिलाबाईंनी मान हलवली. नाही.

"'पूल जुना, कात्री नवी'?"

पुन्हा नाही. पुढचं वाक्यही पटलं नाही, तेव्हा योगराजचा आवाज चढला.

"मंग तूच बोल ना!"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. त्याला रडूच आलं.

प्रमिलाबाईंनी डाव्या हाताने त्याचं पेन ओढून घेतलं. चित्रातल्या मावशीच्या खुर्चीवर एक थरथरती रेघ मारली. मग दुसरी, तिसरी. खुर्ची दिसेनाशी झाली.

इतक्या वर्षांत मावशी पहिल्यांदाच बसलेली होती. मायेपोटी त्यानेच तिला बसवलं होतं, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"उभी करू का तुले?"

प्रमिलाबाईंनी डोळे मिटून होकार दिला.

त्याने नवा कागद घेतला. या वेळी मावशी कोपऱ्यात मावेना. ती थेट कात्री आणि फितीच्या मधे जाऊन उभी राहिली. त्याने मोबाइलवर फोटो काढून पाठवला.

लगेच अमोलचा फोन आला. "काका, मस्तच! पण मावशीचं वाक्य राहिलं ना. काय म्हणतेय ती?"

योगराजने प्रमिलाबाईंकडे पाहिलं.

"काही नाही. ती फक्त उभी आहे," तो म्हणाला. "आता त्या पुढाऱ्याला म्हणावं, काप फीत."