पगाराची चौकशी

दत्तक घ्यायच्या लेकीसाठी मनोरमाने हौसेने शिवलेला फ्रॉक बंगळूरच्या अनाथाश्रमातल्या मॅडमनी टेबलावरून परत सरकवला. "लिली गोरी, निळ्या डोळ्यांची. तुमच्या नवऱ्याच्या फिटरच्या पगारात तिचं लोणी-पाव, इंग्रजी शाळा कसं परवडेल? तिला साहेबाचंच घर शोभेल." मनोरमाचं डोकं भडकलं. "इंग्रज साहेब देश सोडून पंधरा वर्षं झाली! आम्हीही ख्रिस्तीच. गेल्या नाताळात इथूनच रूथला नेलं, तेव्हा कुणी पगार विचारला होता?" "ती काळी... तिची गोष्ट वेगळी," मॅडम म्हणाल्या. नवऱ्याने, शांतवनने, नेहमीसारखा मनोरमाचा दंड धरला. "चल, मोठ्यांशी वाद नको." शेजारीच सहा वर्षांची रूथ सगळं ऐकत होती. "अव्वा, मी स्वस्त होते?" तिने आईला विचारलं. शांतवनने मनोरमाचा दंड सोडला. रूथला मांडीवर घेऊन तो न विचारता मॅडमसमोरच्या खुर्चीत बसला. "लिलीला आणा," तो म्हणाला. "तोवर आम्ही इथून हलत नाही."